कुत्रा की मांजर: चपळाई, अक्कल आणि माळ्यावरची बॅग

घरात जनावर आणायचं ठरलं की मंडळी हटकून दोन गोष्टी विचारतात: चपळ कोण आणि हुशार कोण. आमच्याकडे बंड्या नावाचा गावठी कुत्रा ११ वर्षं होता. तेव्हा आम्ही तळमजल्यावर, पुढे अंगण असलेल्या भाड्याच्या घरात राहायचो. आता नाशिकातच तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि गेली ४ वर्षं चिंगी नावाची भाटी, म्हणजे मांजरी, आहे. तीही गावठीच. लसी, खाणं, डॉक्टर, खर्च याची चौकशी ज्याने त्याने केलेली असते, ते सोडून देतो.

चपळाईत मांजर पुढे, असं सगळेच म्हणतात. मीही म्हणेन, पण जरा थांबून. बंड्याला गंगापूर धरणाकडच्या मोकळ्या रानात सोडला की अर्धा तास पाय जमिनीला लागत नसत आणि परत आल्यावरही तो ‘पुन्हा जाऊया’ अशा बेतात उभा. कुत्र्याची जात पाठलागाची. लातूर-सोलापूरकडचा कारवान जातीचा शिकारी कुत्रा सशामागे धावताना ज्याने पाहिलाय, त्याला मांजराच्या चपळाईचं कौतुक सांगून उपयोग नाही. चिंगीची धाव सोफ्यापासून बाथरूमपर्यंत, तीही रात्री साडेअकराला. दोन फेऱ्या झाल्या की बाई तासभर पाय चाटत बसतात. मांजर दबा धरणारं जनावर, त्याला दमसास लागतोच कशाला?

पण जमीन सुटली की गोष्ट बदलते. चिंगी फ्रिजसमोर बसते, वर बघते, मागचं अंग दोनदा डोलवते, आणि पुढच्या क्षणी वर लोणच्याच्या बरण्यांमध्ये असते. बरणी हललेली नसते. बंड्या दिवाणावर चढला तरी शेजारच्या खोलीत कळायचं. शिवाय मांजराचं गळ्याखालचं हाड माणसासारखं सांध्यात जखडलेलं नसतं, स्नायूंत नुसतं तरंगत असतं. म्हणून डोकं जिथे शिरलं तिथे बाकीचं अंगही बहुधा शिरतं. कपाटामागची चार बोटं फट ‘एवढ्यातून काय जाणार’ म्हणून आम्ही सोडून दिली होती. दुसऱ्या दिवशी तिथून शेपूट बाहेर आलेलं दिसलं.

हवेत वळण्याचं म्हणाल तर १८९४ साली मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पडत्या मांजराचे एकामागोमाग फोटो काढून दाखवलं, की पाठीवर सोडलेलं मांजर कशाचाही आधार न घेता पायांवर उतरतं. कमरेत वाकून पुढचं आणि मागचं अंग ते वेगवेगळं फिरवतं. हे कुत्र्याला जमत नाही. मात्र यावरून ‘मांजराला पडून काही होत नाही’ असा समज पसरलाय, तो घातक आहे. १९८७ साली न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी छापली. उपचाराला आणलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली, हा आकडा सगळे सांगतात. जी जागीच मेली त्यांना दवाखान्यात कोण नेणार, हे कोणी सांगत नाही.

आता अक्कल. इथे कुत्र्याचं पारडं कागदावर जड आहे. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पेशी २०१७ मध्ये मोजल्या गेल्या, तेव्हा कुत्र्यात ढोबळमानाने ५३ कोटी आणि मांजरात २५ कोटी निघाल्या. मोजलेली जनावरं फार थोडी होती, तेव्हा त्यावर कोणी पैज लावू नये. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावं पाठ होती. आपल्याकडे १९९३च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या जंजीर नावाच्या कुत्र्याने जी स्फोटकं शोधून काढली, त्याबद्दल मुंबईकर अजून सांगतात. बॉम्बशोधक पथकात मांजर घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. जपानमध्ये २०१९ साली एवढं सिद्ध झालं, की मांजराला स्वतःचं नाव ओळखता येतं. आमच्याकडे ते आधीपासून ठाऊक होतं. ‘चिंगे’ म्हटलं की एक कान माझ्याकडे वळतो. बाकीची चिंगी ढिम्म हलत नाही.

पण किती अक्कल, यापेक्षा ती कुठे खर्च होते हे बघावं, असं माझं मत होत गेलंय. बुडापेस्टला जनावरांच्या वागण्याचा अभ्यास करणारे मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक साधा प्रयोग केला. खाऊ मिळवायची युक्ती जनावराला आधी जमू दिली आणि मग ती गुपचूप बंद करून टाकली. कुत्री थोडी झटापट करून मालकाच्या तोंडाकडे बघू लागली. मांजरं बहुतेक आपल्या खटपटीतच राहिली.

हे वाचलं आणि मला आमचा स्टीलचा डबा आठवला. बंड्याच्या भाकरीच्या डब्याचं झाकण घट्ट बसलेलं असलं की तो नाकाने दोनदा ढकलायचा, मग डब्याशेजारी बसून माझ्याकडे बघायचा. भुंकायचा नाही, नुसता बघायचा. आणि मी उठायचो. तेव्हा त्या दोघांत शिकवलेलं कोण होतं, हा प्रश्नच आहे. चिंगीपुढे बंद गोष्ट म्हणजे गॅलरीची सरकती खिडकी. तिने खालच्या कोपऱ्यात नख अडकवून ओढायचं तंत्र बसवलं. मी खिडकीच्या रुळात लाकडी पट्टी टाकली. ती पट्टी उचलायला तिला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

माझ्यापुरता निकाल मात्र लावला तो बॅगेने.

मी बँकांच्या शाखांची तपासणी करतो. महिन्यातून दोनदा तीन-चार दिवस धुळे, जळगाव, नंदुरबार असं बाहेर राहावं लागतं. घरी बायको आणि आई असायच्या, बंड्या काही एकटा पडत नव्हता. तरी माळ्यावरून बॅग काढून चेन ओढली की तो जिथे असेल तिथून उठून उंबऱ्यात आडवा होई. म्हणून मी तो फिरायला गेलेला असताना बॅग भरू लागलो. चार-सहा महिन्यांनी त्याने इस्त्रीचे कपडे ओळखले. एरवी दोन-दोन शर्ट यायचे, एकदम पाच आले की साहेबांनी खाणं सोडलंच. मग मी शर्ट शेजारच्या काकूंकडे ठेवायला लागलो, बॅगही तिकडेच भरायची. ताकाला तूर लागू देत नव्हतो. आणि तरी एका रविवारी रात्री तो येऊन माझ्या बुटावर हनुवटी टेकून पडला. बायको म्हणाली, “अहो, तुम्ही दाढी करताय ना रात्रीची, पहाटेच्या गाडीला जायचं असलं की करता तशी.” माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मग धुळ्याला पोचल्यावर संध्याकाळी फोन. “भाकरीला तोंड लावलं नाही.” दुसऱ्या दिवशी तोच फोन. तिसऱ्या दिवशी थोडं खाल्लं. ११ वर्षांत असे किती दौरे झाले, त्याचा हिशेब मी मुद्दाम मांडत नाही. बंड्या गेल्यावर घरचे म्हणाले, दुसरा आणू. मी तिसऱ्या मजल्याचं कारण पुढे केलं. लोक तिसऱ्या मजल्यावर, सातव्या मजल्यावर कुत्री उत्तम सांभाळतात, ते कारण खोटंच होतं. एवढी हुशारी सगळी माझ्यावर नजर ठेवण्यात खर्च व्हावी आणि मला ती फसवताही येऊ नये, हे मला पुन्हा नको होतं.

चिंगीचं तसं नाही. चेनचा आवाज आला की तीही येते, पण बॅगेत येऊन झोपायला. तिला अलगद उचलून बाजूला ठेवायचं, तिथल्या शर्टाची घडी मोडलेली असते ती पुन्हा घालायची. मी नसताना तिचं खाणं तंतोतंत चालू असतं. परत आलो की आधी बॅग हुंगते, मग सवड झाली तर मला. बंड्या अंगणाला तीन चकरा मारायचा. ते आठवतं, नाही असं नाही.

तेव्हा घरात दिवसभर माणूस असेल, रोज दोन वेळा बाहेर पडायची तयारी असेल आणि कोणी आपल्याकडे सतत बघत राहणं आवडत असेल, तर कुत्र्यासारखी सोबत नाही. ज्यांची पोरं लहान आहेत त्यांनीही बहुधा कुत्र्याचाच विचार आधी करावा, मांजर खेळेल पण स्वतःच्या वेळेला. मात्र नोकरी फिरतीची असेल, घर वरच्या मजल्यावर असेल, तर मला विचाराल तर मांजर. कमी हुशार म्हणून नव्हे. तिच्या हुशारीचा आपल्याला जाच होत नाही, म्हणून. फ्रिजवरच्या बरण्या जरा सांभाळाव्या लागतात, एवढंच.

आणि मांजर ठरलंच, तर आधी गॅलरीला जाळी, मग मांजर. आम्ही उलटं केलं. चिंगी एप्रिलमध्ये आली आणि जाळीवाला मिळेपर्यंत आठ दिवस गॅलरीचं दार बंद ठेवून आम्ही चौघं आत शिजत होतो. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी घेऊ नका, आमची तिने महिन्याभरात खालच्या कोपऱ्यातून कुरतडली. निदान खालची दोन फूट तरी लोखंडी घ्या.