आधी माया किती सोडली ते दाखवा

मक्याच्या पानांचा झगा घालून एक मुलगी टीव्हीवर ऐटीत चालत आली, तेव्हा आमची आई शेवभाजी खात होती. घास हातातच राहिला. "हाई काय शे व माय? ढोरंस्ना चारा आंगवर घाली फिरी ऱ्हायनी!"

भाची उन्हाळ्याच्या सुटीत सुरतेहून आली होती. उधन्याला राहतात ते लोक. आमच्याकडची कितीतरी घरं तिकडेच कापडाच्या धंद्यात पोट भरतात. पोरगी फॅशन डिझायनिंगचा कोर्स करते, तिनेच 'प्रोजेक्ट रनवे' लावलं. अमेरिकेतली स्पर्धा, डिसेंबर 2004 मध्ये सुरू झालेली. दर भागात डिझायनरांना एक काम देतात, मोजून पैसे देतात, एक-दोन दिवसांत कपडा शिवून मॉडेलच्या अंगावर चढवायचा. परीक्षक बघतात आणि एकाला घरी पाठवतात. पहिल्याच भागात त्यांना कापडाच्या दुकानाऐवजी किराण्याच्या दुकानात सोडलं, हातात 50 डॉलर देऊन. ऑस्टिन स्कार्लेट नावाच्या पोराने मक्याची कणसं उचलली, त्यांची पानं सोलून झगा केला, आणि त्या भागात तोच जिंकला.

मला इंग्रजी अर्धंमुर्धं कळतं, भाची शेजारी बसून सांगत जाते. कात्री कुठून कुठे चालली हे मात्र मला कोणी सांगावं लागत नाही. अमळनेरात 34 वर्षं शिवतोय. आधी शर्ट-पँट आणि सफारी. आता रेडिमेडमुळे नवं शिवायला टाकणारे बोटावर मोजण्याइतके, बाकी दिवसभर अल्ट्रेशन. कंबर सैल करा, मोहरी कमी करा, चेन बदला. त्यामुळे कपड्याची सुलट बाजू मी कमी आणि उलट बाजू जास्त बघतो. या डिझायनरांना मार्क देताना माझी पट्टी तीच आहे: माया किती सोडली?

शिंपी नसणाऱ्यांसाठी सांगतो, शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड दाबून ठेवतात ती माया. पँटच्या आसनात मागच्या बाजूला दीड-दोन इंच माया हवी, कारण माणूस सुटतो. मी एकदा नाही सोडली. नवऱ्या मुलाच्या बापाची सफारी होती, कापड पाऊण मीटर कमी आणलेलं, मी शहाणपणा करून काटेकोर कापली. माप घेतलं दिवाळीनंतर, लग्न वैशाखात. मधल्या काळात त्या गृहस्थांना बाकीच्या लग्नांतली जेवणं मानवली. हळदीच्या सकाळी ते दुकानात उभे, आणि उसवून बघतो तर आत पाव इंच. शेवटी बाजूला पट्टी जोडून दिली. आजही ते रस्त्यात भेटले की माझी नजर आधी त्यांच्या कमरेकडे जाते.

असो. ऑस्टिनला मी पैकीच्या पैकी देतो. मक्याचं पान ओलं असताना कात्रीला लोण्यासारखं, पण आमच्या उन्हात दोन तास ठेवा, आक्रसतं आणि कडा वळतात. त्यात माया सोडायचा प्रश्नच नाही. त्याने एका रात्रीचा कपडा एका रात्रीसाठीच केला आणि तसाच मिरवला. यात फसवणूक नाही. भाचीने विचारलं, "मामा, केळीच्या सोपटाचा जमेल का?" जमेल की. डाग मात्र जाणार नाहीत. केळीच्या चिकाचा डाग पडलेला सदरा आजवर कोणी धोब्याकडून स्वच्छ आणलेला मी पाहिला नाही.

तिसऱ्या सीझनमध्ये एक भाग आहे, तो मात्र प्रत्येक शिंप्याने बघावा. त्यात मॉडेल नाहीत. स्पर्धकांच्या आया-बहिणीच मॉडेल, आणि कोणी आपल्या घरच्या बाईचं शिवायचं नाही, दुसऱ्याच्या घरची वाट्याला येते. नेहमीच्या काटकुळ्या पोरींवर भराभर कापणाऱ्यांचे हात इथे थबकले. पोट आहे, दंड भरलेले आहेत, खांदे पुढे झुकलेत. म्हणजे आमचं रोजचं गिऱ्हाईक. जेफ्री सेबेलिया नावाच्या गड्याच्या वाट्याला अँजेला नावाच्या स्पर्धक बाईची आई आली, आणि तो तिच्याशी इतका तुसडेपणाने वागला की ती माउली रडली. आमच्या आईने तिथे टीव्हीला शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. हाच जेफ्री पुढे तो सीझन जिंकला. त्याच्या हातात धमक आहे, चेनी आणि चामडं असलं बंडखोर काम त्याला छान जमतं, हे मी मान्य करतो. पण जाड बाईचं माप घेताना टेप कसा धरायचा, आकडा मोठ्याने न बोलता वहीत कसा लिहायचा, हे माझ्या वडिलांनी मला कात्री हातात देण्याआधी शिकवलं होतं. माझ्या दुकानात जेफ्रीला मी काज-बटणावर बसवलं असतं. मापाच्या टेपला हात लावू दिला नसता.

चौथा सीझन सगळ्यांत भरीव. आम्ही तो दोनदा पाहिला. शेवटी तिघं उरतात: ख्रिश्चन सिरियानो, रामी काशू आणि जिलियन लुईस. ख्रिश्चन तेव्हा 21 वर्षांचा, जीभ कात्रीहून तेज, आणि काम उरकायचा वेग असा की बाकीचे माप लावत असतात तेव्हा हा इस्त्रीला पोचलेला. झालरीवर झालर, उभी कॉलर, घट्ट पँट. 2008 साली तो जिंकला, आणि कार्यक्रमातून निघालेल्या सगळ्यांत नाव त्यानेच काढलं. आधी मला वाटलं होतं, झालरी लावणारा कोणीही झालरी लावतो, आमच्याकडे लग्नातल्या मंडपाला लावतात तशा. मग भाचीने मोबाईलवर त्याचं पुढचं काम दाखवलं. 2016 मध्ये लेस्ली जोन्स ही नटी जाहीरपणे म्हणाली की आपल्या सिनेमाच्या प्रीमियरसाठी आपल्याला कपडे द्यायला कोणी डिझायनर तयार नाही. ती उंचीने मोठी, अंगाने भरलेली. याने हात वर केला आणि लाल गाऊन शिवून दिला. 2019 च्या ऑस्करला बिली पोर्टर हा नट वरून टक्सिडो आणि खालून मखमली घेर घालून गेला, तोही याचाच. तो फोटो मी मोठा करून पाहिला. चेष्टा करायची म्हणून कोटाची बाजू कुठे ढिली सोडलेली नाही, वरचा भाग अस्सल पुरुषी शिलाईचा. माझं मत बदललं, हे कबूल करायला लाज नाही.

रामीवर मात्र परीक्षकांनी अन्याय केला. हा माणूस कापड डमीवर टाकतो, चुण्या घालत वळवतो, शक्यतो कापत नाही. मूळचा पॅलेस्टाइनकडचा, रामल्लाला वाढलेला. मायकल कॉर्स, स्वतः मोठे डिझायनर, त्याला सारखं सुनवायचे की किती वेळा तेच ते, पुन्हा पदरच! अहो, साडी बघत वाढलेल्या माणसाला पदराचा कंटाळा कसा येईल? न कापलेल्या कापडात सगळीच माया असते. सासूची साडी सुनेला होते, सासूचा ब्लाउज होत नाही.

पण माझा कौल जिलियनला. तिची सवय वाईट, दर वेळी शेवटच्या मिनिटाला सुई हातात, बघणाऱ्याला घाम फुटतो. मला तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रात्रीचं आमचंच दुकान आठवायचं. पण तिचे कोट! बाहीचा मुंढा खांद्याला बसतो तिथे एक सुरकुती नाही. कोटाचा मुंढा बसवणं म्हणजे काय असतं, हे ज्याने बसवलाय त्यालाच माहीत. बाही घेराने मोठी असते, ती सुरकुती न येऊ देता लहान भोकात जिरवायची. ती तिसरी आली. का आली ते भाचीने दोनदा समजावलं, मला दोन्ही वेळा पटलं नाही.

आठव्या सीझनच्या निकालावर लोक अजून भांडतात म्हणे. भांडावंच. मोंडो गेरा रंगांचा वेडा, ठिपके, चौकडी, पट्टे एकाच अंगावर, आणि तरी डोळ्याला टोचत नाही. एका भागात स्वतःच्या डिझाइनचं कापड छापून घ्यायचं होतं. त्याने अधिकच्या चिन्हाची नक्षी केली आणि मग सांगितलं की आपण एचआयव्ही पॉझिटिव्ह आहोत, हे घरच्यांनाही इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. परीक्षकांसमोर पँटीच्या नक्षीतून ते बाहेर आलं. आई जेवायची थांबली, काही बोलली नाही. अंतिम फेरीत मायकल कॉर्स आणि नीना गार्सिया हे परीक्षक ग्रेचेन जोन्सच्या बाजूने होते आणि ग्रेचेन जिंकली. तिचे मातकट, भुरकट रंग वाईट नव्हते, शिलाई नेटकी. पण तसले कपडे हँगरवर लावले तर गिऱ्हाईक पुढे सरकतं. मोंडोच्या समोर उभं राहतं. 2012 मध्ये जुन्या खेळाडूंचा 'ऑल स्टार्स' झाला, तो मोंडोने जिंकला. भरपाई उशिरा झाली, पण झाली.

नवव्यातली त्रिनिदादची आन्या आयोंग-ची जिंकली, तेव्हा शिवणयंत्राशी तिची ओळख अवघ्या काही महिन्यांची होती. शिलाई कच्ची होती, दिसतही होती, नजर मात्र पक्की. चौदाव्यात, 2015 ला, अ‍ॅशली नेल टिप्टनने अंतिम फेरीत सगळे कपडे जाड बायकांसाठी केले आणि जिंकली. तिला मी जेफ्रीचं बक्षीस काढून देऊ का, असं भाचीला विचारलं, तर ती म्हणाली, "मामा, तुमच्या हातात नाही ते."

तक्रार एकच, आणि मोठी. कॅमेरा कपडा उलटा करून दाखवत नाही. नंतरच्या सीझनांत परीक्षक जवळ जाऊन कापड हाताळतात, ते बरं केलं, पण आत डोकावून आम्हाला कोणी दाखवत नाही. टाचण्यांवर उभा आहे की गोंदावर, देव जाणे. सगळ्यांत जवळून बघायचा तो टिम गन. न्यूयॉर्कच्या पार्सन्स डिझाइन कॉलेजातला तेव्हाचा मास्तर, हनुवटीला हात लावून स्पर्धकाच्या टेबलाशी उभा राहतो, वाईट असेल तर वाईट वाटून सांगतो, आणि 'मेक इट वर्क' म्हणून निघून जातो. असा माणूस आमच्या पेठेत असता तर निम्मी शिलाई सुधारली असती.

बघायचं असेल तर चौथ्यापासून सुरू करा, मग आठवा. पहिल्यातला मक्याचा भाग आधी बघितला तरी चालेल, फक्त जेवताना नको.

भाची जायच्या आदल्या दिवशी तिने परीक्षेसाठी शिवलेला कुर्ता दाखवला. इंडिगो रंग, उभ्या चुण्या, गळा सुरेख फिरवलेला. मी तो उलटा केला. बगलेखाली पाव इंच.

"पॅटर्नमध्ये तेवढंच होतं मामा."

दुकानात नेला, तिच्याकडून दोन्ही बाजू उसवून घेतल्या. कापड पुरत नव्हतं म्हणून बगलेत कळी, म्हणजे कापडाचा छोटा जोड, घालायची ठरली. सुरतची गाडी पहाटेची, आणि रात्री साडेअकराला ती मशीनवर, मी इस्त्री धरून उभा.