स्विमिंग पूलसाठी सुटी ‘टीसीसीए ९०’ स्वस्तात मिळतेय? आधी हे वाचा

नागपूरजवळ हिंगण्याच्या बाजूला आमचं घर आहे, मागे साधारण ४० हजार लिटरचा पूल. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एका पूलवाल्याने ‘टीसीसीए ९०’चा, म्हणजे पूलच्या पाण्यात टाकायच्या क्लोरीन पावडरचा (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) ड्रम बाजारभावाच्या दोन-तृतीयांश किमतीत आणून टाकला. ड्रमवर कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, मार्करने ‘९०%’ एवढंच लिहिलेलं. “कंपनीचाच माल हाय ताई, लेबलचे पैसे काऊन देता?”

सगळी गोम त्या ९० मध्ये आहे. हा आकडा उपलब्ध क्लोरीनचा, म्हणजे पावडरीतला किती क्लोरीन पाणी शुद्ध करायच्या कामी येतो त्याचा. टीसीसीएत तो साधारण ९० टक्के, कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये ६५ ते ७०, एसडीआयसीत (सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट) ५६ ते ६०, आणि साध्या ब्लीचिंग पावडरमध्ये ताजी असताना ३० ते ३५. चारही पांढरे, वासही तसाच, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. आमच्या पूलमध्ये १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीन वाढवायला खऱ्या टीसीसीएचे ४५ ग्रॅम पुरतात; ब्लीचिंगचे सव्वाशेच्या आसपास लागतात. म्हणजे ड्रममध्ये ब्लीचिंग भरलेलं असेल, तर दोन-तृतीयांश किमतीत एक-तृतीयांश माल.

एप्रिलचं ऊन चढलं तसं पाणी बिघडत गेलं. संध्याकाळी पावडर टाकली की दुसऱ्या दिवशी दुपारी क्लोरीन गायब. भिंती बुळबुळीत, तळाला पांढरा गाळ, बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्याने धुणं) करून करून माळीबुवा वैतागले. पूलवाला मात्र स्वतःचं किट घेऊन यायचा, नळीत दोन थेंब टाकायचा, पिवळा रंग दाखवायचा आणि म्हणायचा, “क्लोरीन तर हाये! तुमच्या बोअरचं पानी जड, क्षार बसूनच रायते.” बोअरचं पाणी जड आहे हे खरंच, म्हणून ते पटायचं. पण ते पिवळं किट एकूण क्लोरीन दाखवतं. घाम आणि लघवीतल्या घटकांशी बांधला जाऊन निकामी झालेला क्लोरीनही त्यात मोजला जातो. मोकळा क्लोरीन मोजायचा तर डीपीडी गोळ्यांचं किट लागतं, आणि तो १ ते ३ पीपीएम हवा.

मग एकेक बाटली यायला लागली. पीएच वाढतोय, म्हणून ॲसिडची कॅन. गाळ बसतोय, म्हणून क्लॅरिफायर. शेवाळ धरतंय, म्हणून निळं ‘अल्गीसाइड’, म्हणजे सरळ मोरचूद. ते किती टाकायचं याला काही माप नव्हतं. आमच्या सासऱ्यांना सकाळी पोहायची सवय. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागेपर्यंत त्यांचे पांढरेशुभ्र केस हिरवट दिसायला लागले. मोरचुदातलं तांबं केसांना धरतं. नातवंडांची करमणूक झाली, नानांनी दोन दिवस टोपी काढली नाही.

खरं तर पीएच वाढला तिथेच चोरी उघडी पडली होती. टीसीसीए आम्लधर्मी असतं, त्याने पीएच उतरतो. ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो, त्याने चढतो. आमचा ८ च्या वर गेला होता; हवा ७.२ ते ७.८. काचेच्या ग्लासात चमचाभर पावडर पाण्यात ढवळून ठेवली, तर थोड्या वेळाने खाली चुन्याचा जाड थर बसला. खरं टीसीसीए हळूहळू विरघळतं, पण असा गाळ सोडत नाही. सायन्युरिक ॲसिडची टेस्ट केली, शून्य. टीसीसीए वापरात असतं तर ते पाण्यात साठायलाच हवं, आणि उन्हात क्लोरीन टिकतो तो त्याच्यामुळेच. (ते १०० पीपीएमच्या वर गेलं तर क्लोरीनच सुस्तावतो, तेव्हा अस्सल मालावरही नजर ठेवावी लागते.) शेवटी नमुना लॅबला दिला. उपलब्ध क्लोरीन ३० टक्क्यांच्याही आत निघाला. पत्र्याच्या गोदामात नागपूरचा उन्हाळा काढलेलं ब्लीचिंग, दुसरं काय!

पैशांपेक्षा मला राग आला तो लेबलचा. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग एकत्र आले तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. ब्लीचिंगवर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. ड्रमवर ‘९०’ लिहिलेलं बघून माळीबुवांनी त्याच मापाने, त्याच बादलीत खरं टीसीसीए कालवलं असतं तर? म्हणून प्रत्येक रसायनाला वेगळं, कोरडं माप ठेवा, बादली वेगळी ठेवा, आणि पाण्यात पावडर टाका, पावडरवर पाणी ओतू नका.

पूलवाल्याला रिपोर्ट दाखवला तर म्हणाला, “माल तुमच्याकडेच खराब झाला.” त्याच्या कच्च्या बिलावर ‘पूल मटेरियल’ एवढंच आहे, त्यामुळे तो निवांत. तरी लॅबचा रिपोर्ट, ड्रमचे फोटो आणि ‘९०% गॅरंटी’ लिहिलेला त्याचा व्हॉट्सॲप मेसेज जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार टाकली आहे. तुम्ही घ्याल तेव्हा जीएसटीचं पक्कं बिल मागा, त्यावर रसायनाचं पूर्ण नाव, क्लोरीनची टक्केवारी आणि बॅच नंबर लिहून घ्या. यावर जो “एवढं कशाला, ताई?” म्हणेल, त्याचा ड्रम गाडीतून उतरवूच देऊ नका.