पत्र्याच्या घरासाठी कूलर की चुना?

सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ अंशांवर जातो, तेव्हा झोपडपट्टीतला पत्रा हात लावू देत नाही. त्याखाली दिवसभर बसते ती विडी वळणारी बाई, घरातली म्हातारी आणि तान्हं मूल.

कूलर लगेच गार करतो, हे खरं. पण त्याला वीज लागते, पाणी लागतं, आणि इथे नळाला पाणी येतं काही दिवसांआड. प्यायचं पाणी कूलरमध्ये ओतायचं? शिवाय त्याच्या वाऱ्याने सुपातली तंबाखू उडते, म्हणून कामाच्या वेळी तो बंदच ठेवावा लागतो. वीज गेली की संपलंच.

पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले, तर ऊन परत फेकलं जातं आणि घरातलं तापमान काही अंशांनी तरी उतरतं, तेही वीजबिलाशिवाय. चुन्यात थोडा फेव्हिकॉल घातला की तो धरून राहतो. पावसात धुपतो, त्यामुळे दरवर्षी फाल्गुनात पुन्हा लावायचा.

माझं मत चुन्याच्या बाजूने आहे. मात्र एकट्या म्हातारीला छतावर चढता येत नाही, भाडेकरूला मालकाची परवानगी लागते. म्हणून महापालिकेने आणि बचत गटांनी अख्खी गल्ली एकदम रंगवावी, सुरुवात अशाच घरांपासून करावी.