बिलात नवी सीलं, इंजिनात भाजलेली: आरएक्स-१०० च्या रेस्टोरेशनचा अनुभव

जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणाऱ्यांचं सध्या पेव फुटलंय, आणि यामाहाची जुनी टू-स्ट्रोक बाइक आरएक्स-१०० ही त्यांची दुभती गाय. गाडी १९९६ साली बंद झाली. मालकाचा तिच्यावर जीव असतो, तो हात आखडता घेत नाही, आणि इंजिन एकदा बंद झालं की आत काय केलंय ते त्याला दिसत नाही. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं. काम पुण्यातल्या एका रेस्टोरेशनवाल्याला दिलं होतं. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही.

इंजिन पूर्ण उघडून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) आणि पिस्टनचं काम, आणि केसिंगला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या कवचाला, काळं पावडर कोटिंग, असं ठरलं होतं. बिलावर स्वच्छ लिहिलंय: ‘ऑइल सील किट, ओरिजिनल, फिटिंगसह’. सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती घट्ट बसणारी रबरी कडी. गाडी हातात आली तेव्हा दिसायला एकदम झक्क. पण इंजिन तापलं की आयडल बसेना. सिग्नलला रेस सोडली तरी इंजिन वरच्या आवाजात भणभणत राहायचं. फोन केला तर उत्तर तयार: “सर, नवीन पिस्टन आहे, सेट व्हायला वेळ लागतो. तोवर कार्बोरेटर जरा ट्यून करून घ्या.” पुढे हायवेवर पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक लॉक. क्लच दाबायचं सुचलं म्हणून हे लिहायला शिल्लक आहे.

टू-स्ट्रोक चालवणाऱ्यांना सीलचं महत्त्व माहीत असतं, बाकीच्यांसाठी थोडक्यात. या इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येते, मग वर सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही टोकांची सीलं घट्टच हवीत. डावीकडचं, म्हणजे मॅग्नेट साइडचं सील गेलं की तिथून फुकटची हवा आत ओढली जाते, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, इंजिन रेस धरून बसतं आणि पिस्टन तापतो. उजवीकडचं क्लच साइडचं गेलं तर गिअर ऑइल आत जाऊन जळतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि ऑइलची पातळी गुपचूप उतरते.

इकडे साताऱ्यात आमच्या मिस्त्रींनी इंजिन उघडण्याआधी प्रेशर टेस्ट घेतली. कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड बंद केलं, प्लगच्या भोकात नळी बसवली आणि बीपी मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा दाबत काटा ३०० पर्यंत नेला. म्हणजे टायरच्या हवेच्या मापात साधारण ६ पीएसआय. एवढा दाब चांगल्या इंजिनाने काही मिनिटं तरी धरायला हवा. इथे काटा बघता बघता खाली आला. त्यांनी मॅग्नेट काढून सीलभोवती साबणाचं पाणी सोडलं, तर सीलच्या ओठाशी, म्हणजे दांड्याला टेकणाऱ्या कडेशी, बुडबुडेच बुडबुडे.

खरी चोरी दिसली ती त्यानंतर. केसिंगवरचा काळा थर सीलच्या कडेपर्यंत येऊन थांबला नव्हता, तो तसाच अखंड सीलच्या तोंडावर चढला होता. मधे सांध्याची रेघसुद्धा नाही. मिस्त्री म्हणाले, “बघा दादा, हे कोटिंगनंतर बसवलंय का? सीलसकट भट्टीत घातलंय.” स्प्रॉकेटमागचं सीलही तसंच. बाहेर काढून ओठ नखाने दाबला तर रबर परत वर येण्याऐवजी बारीक चिरा पडल्या.

पावडर कोटिंगमध्ये रंगाची भुकटी विजेच्या भाराने धातूला चिकटवतात आणि मग भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर पिकवतात. साधं काळं नायट्राइल रबर १००, फार तर १२० अंशांपर्यंतचं. त्यापुढे ते कडक होतं, लवचिकपणा जातो आणि शाफ्टवर नीट बसत नाही. व्हायटॉन जातीचं सील २०० च्या आसपास टिकतं, पण म्हणून तेही आत ठेवून भाजायचं नसतं. सरळ रीत अशी की सील आणि बेअरिंग सगळं काढायचं, बेअरिंगच्या जागा, गॅस्केटची तोंडं आणि आटे तापमान सोसणाऱ्या टेपने आणि सिलिकॉनच्या बुचांनी झाकायचे, कोटिंग करायचं, आणि केस थंड झाल्यावर नवी सीलं बसवायची. यात वेळ जातो. वेळ वाचवायला पुणेवाल्याने पायरी गाळली, पण पैसे मात्र लावले.

जाब विचारल्यावर तर कमालच झाली. आधी म्हणाला सीलं नवीच घातलीत. फोटो पाठवल्यावर म्हणाला कोटिंग बाहेरून करून घेतो, त्यांनी काय केलं मला माहीत नाही. शेवटी तुम्ही रनिंगमध्येच, म्हणजे नवीन पिस्टन सेट होत असतानाच, गाडी ताणली असेल, यावर आला. मग रेस धरतेय हे मी आधीच कळवलं होतं त्याचं काय, यावर गप्प.

तुम्ही काम देणार असाल तर कोटिंगहून आलेल्या रिकाम्या केसचे फोटो मागा, सील बसवण्याआधीचे. जुनी सीलं परत द्यायची, असं बिलावरच लिहून घ्या. नवीन सीलच्या तोंडावर माप आणि कंपनीचा ठसा वाचता येतो, त्यावर रंग चढलेला दिसला तर गाडी ताब्यात घेऊ नका. हे सांगितल्यावर जो ‘एवढा विश्वास नाही का’ म्हणतो, त्याच्याकडे तर मुळीच देऊ नका.

मी आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद केली. तेवढ्यावर त्याने सील किटचे पैसे परत टाकले, पण पिस्टन आणि बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भागाचा) खर्च द्यायला तयार नाही. म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. २०१९ च्या कायद्यामुळे ती राहत्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. सोबत पक्कं बिल, फोनवरचे मेसेज, मिस्त्रींचा लेखी अहवाल आणि ती रंग चढलेली दोन सीलं पिशवीत बंद करून जोडली आहेत.