परदेशी मानधनासाठी स्टेबलकॉइन: वापरून काय वाटलं

आमच्यासाठी सबटायटल आणि भाषांतराचं काम करणारी मंडळी लागोस, ब्युनोस आयरिस, नैरोबी अशी विखुरलेली आहेत. त्यांचे पैसे पोचवणं माझ्याकडे. रकमा लहान, दीडशे-दोनशे डॉलरच्या, आणि सगळी कटकट त्यातच आहे. बँकेतून पाठवले की मधल्या करस्पॉन्डंट बँका आपापला वाटा कापून घेतात. समोरचा विचारतो, "बाकीचे कुठे गेले?" आणि कोणी किती कापले हे मलाही धड सांगता येत नाही. जागतिक बँकेच्या आकडेवारीत २०० डॉलर सीमेपार पाठवण्याचा सरासरी खर्च सहा टक्क्यांच्या वर आहे, सहारापलीकडच्या आफ्रिकेत त्याहून बराच जास्त. २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. तोवर थांबायची कोणाची तयारी नव्हती, म्हणून यूएसडीटी: टेदर कंपनीचं, एका डॉलरच्या भावाला बांधलेलं डिजिटल नाणं, म्हणजेच स्टेबलकॉइन.

पाठवणं खरंच झकास. रविवारी रात्री पाठवा, चहा होईपर्यंत पोचलेले असतात. हे नाणं वेगवेगळ्या नेटवर्कवरून पाठवता येतं. आम्ही त्यातलं ट्रॉन घेतलं, कारण लागोसच्या भाषांतरकाराला तेच हवं होतं. त्याच्या ओळखीतले सगळे त्यावरच आहेत म्हणे. एक गोष्ट मात्र जाहिरातीत कुठेच सापडत नाही. नेटवर्कचं शुल्क सहसा यूएसडीटीतून वळतं होत नाही, त्यासाठी टीआरएक्स नावाचं वेगळं नाणं लागतं. त्यामुळे वॉलेटमध्ये २०० यूएसडीटी दिसताहेत, टीआरएक्स शून्य, आणि 'पाठवा' दाबलं की शिल्लक अपुरी! नवीन माणसाला हे समजावताना माझा अर्धा दिवस जातो. शिवाय ज्या पत्त्यावर पूर्वी कधीच यूएसडीटी आलेलं नाही, त्यावर पहिल्यांदा पाठवताना शुल्क जवळजवळ दुप्पट पडतं.

पत्त्यांचं तर वेगळंच प्रकरण. ३४ अक्षरं, सुरुवात इंग्रजी टी या अक्षराने. आपण काय करतो, पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं ताडून बघतो. ठकांना हे पक्कं ठाऊक आहे. तुम्ही कोणाला पैसे पाठवले की थोड्या वेळात तुमच्या व्यवहारांच्या यादीत नगण्य रकमेची एक नोंद उमटते. तिचा पत्ता सुरुवातीला आणि शेवटी हुबेहूब तुमच्या माणसासारखा, मधलं सगळं वेगळं. पुढच्या वेळी यादीतून पत्ता कॉपी केलात की पैसे गेले, आणि दाद मागायला दारच नाही. म्हणून मी यादीतून कधीच उचलत नाही. पत्ते जतन केलेले आहेत, आणि नवा माणूस असेल तर आधी पाच डॉलर पाठवून "आले का?" विचारते.

आता खरा हिशेब, म्हणजे त्याच्या हातात त्याच्या चलनात किती पडले. लागोसचा भाषांतरकार पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकतो. अ‍ॅप त्याचं यूएसडीटी अडकवून ठेवतं, खरेदीदार बँकेतून नायरा, म्हणजे नायजेरियाचं चलन, पाठवतो, आल्याची खात्री झाली की हा सोडतो. पाठवणाऱ्याच्या खात्यावरचं नाव अ‍ॅपवरच्या नावाशी जुळलं नाही तर तो व्यवहार मोडतो, आणि बरोबर करतो. अनोळखी खात्यातून आलेल्या पैशांपायी स्वतःचं खातं गोठलं तर निस्तरत बसणार कोण? तरीही त्याला हाच मार्ग हवा असतो, याला कारण आहे. जून २०२३ आधी अधिकृत दर डॉलरला ४६०-४७० नायराच्या आसपास होता आणि बाजारात साडेसातशेच्या घरात. बँकेतून घेतलं की फटका कोणाला, हे उघड होतं. त्यात फेब्रुवारी २०२१ ते डिसेंबर २०२३ तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांना हात लावू दिला नव्हता, आणि २०२४ मध्ये बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजने नायराची सेवाच गुंडाळली. लोकांनी दुसरे रस्ते शोधले. गरज असली की शोधतातच.

ब्युनोस आयरिसची बाई यूएसडीटी विकतच नाही, तसंच ठेवते. पेसोवर तिचा काडीचा विश्वास नाही. एप्रिल २०२५ मध्ये अर्जेंटिनात सामान्य माणसांवरचे डॉलर खरेदीचे निर्बंध बरेचसे उठले, त्यानंतर मात्र तिची डॉलरसाठीची घाई कमी झालीये.

नैरोबीला हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मला अजून उमगलेलं नाही. तिथे परदेशातून थेट एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यावर, पैसे जमा करणाऱ्या सेवा आहेत. यूएसडीटी घेऊन, विकून शेवटी पैसे एम-पेसावरच आणायचे तर मधला वळसा कोणासाठी? आम्ही तिथे बंद केलं.

'स्टेबल' या नावावर फार विसंबू नका. टेरायूएसडी हे असंच एक नाणं मे २०२२ मध्ये कोसळलं. ते नुसत्या गणितावर उभं होतं, मागे डॉलर नव्हते, हे मान्य. पण मार्च २०२३ मध्ये यूएसडीसी हे मागे डॉलर असलेलं नाणंसुद्धा ८८ सेंटच्या खाली घसरलं, कारण त्यांच्या राखीव निधीतले ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले होते. अमेरिकी सरकारने ठेवींची हमी दिली आणि भाव सावरला, पण त्या शनिवारी ज्याला घरभाडं भरायचं होतं त्याने काय करायचं? टेदरला राखीव निधीबद्दल दिशाभूल केल्यापायी २०२१ मध्ये ४.१ कोटी डॉलरचा दंड झालेला आहे. आणि आपले डॉलर अमेरिकी सरकारी रोख्यांत गुंतवून त्यावरचं व्याज कंपनी खाते, धारकाला दमडी नाही. म्हणून माझ्याकडे आलेलं नाणं त्याच दिवशी पुढे जातं.

आमच्या बाजूचा रस्ताही गुळगुळीत नाही. ज्या अ‍ॅपवरून आम्ही घेतो ते नवा पत्ता जोडला की 'सुरक्षेसाठी' २४ तास पैसे काढू देत नाही. म्हणजे पाच मिनिटांत पोचणाऱ्या पैशांसाठी आधी एक दिवस बसून राहा. खरेदीचा दर आणि पैसे काढण्याचं ठरीव शुल्क धरलं तर शंभर डॉलरच्या खाली परवडत नाही.

गुण द्यायचे तर लागोससाठी पाचपैकी चार, ब्युनोस आयरिससाठी तीन, नैरोबीसाठी एक. सध्या नवीन माणूस आला की मी फॉर्मवरच विचारते: बँक, मोबाइल मनी की यूएसडीटी, आणि यूएसडीटी असेल तर कुठलं नेटवर्क. तो रकाना रिकामा आला तर बँकेतून पाठवते.