नडगी धरून बसलेला पोरगा आणि तीन पदव्या

पहाटे नागपुरात रेशीमबागेच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. त्यातला एखादा हमखास कडेला नडगी धरून बसलेला असतो. खेळाशी संबंधित मास्टर्स कोणतं करू, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, त्या पोराकडे बघ आणि तुझ्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो ते सांग.

"या महिन्यात अचानक किती अंतर वाढवलंस?" असा प्रश्न आला तर डोकं व्यायामशास्त्राचं. "काय खाऊन आलास?" आला तर पोषणाचं. आणि थेट नडगीवर बोट दाबून "इथंच दुखतं की पूर्ण लांबीत?" विचारावंसं वाटलं, तर फिजिओथेरपी. एकाच बिंदूवर कळ येणं हे हाडाला बारीक तडा जात असल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हा तो प्रश्न साधा नाही.

आता आवड बाजूला ठेवा आणि हातातली पदवी बघा. एमपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या मास्टर्सला, बीपीटी या फिजिओथेरपीच्याच पदवीशिवाय दार उघडत नाही. बीएस्सी किंवा बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून 'आता स्पोर्ट्स फिजिओ होतो' म्हणणारे दरवर्षी भेटतात. कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. एमबीबीएस झालेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एमडी आहे.

बीपीटी असेल तर माझं मत सरळ आहे: एमपीटीच करा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, राज्य परिषदेची नोंदणी आणि उपचार करण्याचा कायदेशीर हक्क. हिंगण्याकडे डिगडोहला आणि वर्ध्याजवळ सावंगीला फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, घर सोडायची गरज नाही. फक्त शाखा नीट विचारा. स्पोर्ट्सची जागा नसेल तर मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे हाडं-स्नायूंची शाखा, घेतली तरी बिघडत नाही, कारण गुडघा, खांदा, घोटा तिथंही तेच. काम मात्र चिकाटीचं. एसीएलची (गुडघ्यातल्या अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया झालेला खेळाडू तिसऱ्या महिन्यात 'मी ठीक आहे' म्हणतो आणि त्याला साधारण नऊ महिने मैदानाबाहेर थोपवून धरायचं तुम्हाला. बाप आणि कोच दोघंही तुमच्यावर चिडतात.

पोषणाचं बाहेरून सोपं वाटतं, आतून नाही. साठ किलोच्या धावपटूला दर किलोमागे 1.6 ग्रॅम धरले तर दिवसाला 96 ग्रॅम प्रथिनं लागतात. सर्वसाधारण माणसाचा हिशोब 0.83 ग्रॅमचा, म्हणजे जवळपास निम्मा. आता हा आकडा त्या पोराच्या ताटात बसवून दाखवा! सराव संपला की तो तर्री-पोहे खातो. पोह्यांतून शक्ती मिळते, तर्रीतल्या हरभऱ्यांतून थोडी प्रथिनं, बाकी तेल आणि तिखट. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर वरणात त्याच्याच आसपास. डब्याची पावडर सांगणं सोपं, पण खोलीवर राहणाऱ्या पोराला ती परवडत नाही. फुटाणे, सोया वडी, दही यांतून गणित जुळवणारा खरा आहारतज्ज्ञ. त्यात आपला मे महिना. सरावाआधी आणि नंतर वजन करून बघा: साठ किलोच्या माणसाचं सव्वा किलो घटलं की दोन टक्के पाणी गेलं, आणि तिथून पुढे धाव मंदावायला लागते.

यासाठी गृहविज्ञान किंवा अन्न व पोषणाची पदवी हवी. मुलींसाठी शंकरनगरचं एलएडी आहे, शिवाय नागपूर विद्यापीठाचा गृहविज्ञान विभाग. एमएस्सीनंतर रुग्णालयातली इंटर्नशिप आणि आरडी, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची, परीक्षा टाळू नका. निव्वळ खेळाडूंवर पोट भरायला नागपुरात वेळ लागेल. सुरुवातीला मधुमेह आणि वजन घटवणं हेच चालवावं लागतं. ते कमीपणाचं वाटत असेल तर या वाटेला जाऊ नये.

व्यायामशास्त्रावर माझं थोडं जास्त प्रेम आहे, म्हणून सावधही जास्त करतो. त्या पोराची नडगी दुखूच नये याची आखणी इथे शिकवतात: भार किती, विश्रांती किती, प्राणवायू वापरण्याची क्षमता कशी मोजायची. पण ही पदवी उपचाराचा परवाना देत नाही. आणि एमपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाचं मास्टर्स, म्हणजे हे नव्हे, लोक दोन्हीची गल्लत करतात. एमपीएडला नेट-सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा जोडली तर कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकाची वाट असते. अमरावतीचं 1914 पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्या परंपरेसाठी जवळचं. प्रयोगशाळेतलं शास्त्र हवं असेल तर बहुधा शहर सोडावं लागेल. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था रेल्वेने एका रात्रीवर आहे, कर्नाटकातलं मणिपाल विद्यापीठ लांब आणि खर्चिक.

प्रवेशाआधी तिथे जाऊन एकच करा. ट्रेडमिलला जोडलेलं श्वास मोजायचं यंत्र दाखवा म्हणा, आणि मागच्या आठवड्यात त्यावर कोण धावलं ते विचारा. यंत्रावर कापड टाकलेलं असेल तर फी भरण्याआधी घरी या.