कृष्णधवल फोटोत काळाकुट्ट काळा पाहिजे, तर आरसी कागद घ्यावा का फायबर? (आपल्याकडचं पाणी अन् ऊन धरून)

निगेटिव्हवरून फोटो छापायला घरी डार्करूम (अंधारी खोली) सुरू केलेले बरेच जण हेच विचारायलेत, की आरसी (रेझिन-कोटेड, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदावर काळा करडाच दिसतो, तर महागाचा फायबर (असा थर नसलेला) मागवू का. मागवा, पण आधी एक करा. घरात जो कागद आहे त्याचा बोटभर तुकडा खोलीतल्या दिव्याखाली दोन-तीन सेकंद धरा, डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं केमिकल) पूर्ण वेळ ठेवा, हायपो (चित्र पक्कं करणारं केमिकल, म्हणजेच फिक्सर) करा, धुवून वाळवा. तो कागद त्या डेव्हलपरमध्ये जास्तीत जास्त एवढाच काळा होणार. आता हा तुकडा प्रिंटमधल्या सावलीशेजारी ठेवा. तुकडा काळाभोर अन् प्रिंट करडी असेल तर कागदाचा काही दोष नाही, एक्सपोजर (कागदावर पाडलेला उजेड) कमी पडलंय नाहीतर फिल्टर मऊ (कमी कॉन्ट्रास्टचा) आहे नाहीतर तुम्ही प्रिंट लवकर उचलली. हे शेवटचं लय जण करतात, सेफलाइटमध्ये (डार्करूमच्या मंद दिव्यात) प्रिंट आहे त्यापेक्षा गडद दिसते, माणूस घाबरतो अन् अर्ध्यातच ट्रेमधून काढतो, मग काळा चिखलासारखा येणारच. अशा वेळी फायबर आणला तरी तोच चिखल, फक्त महागाचा.

तुकडाच फिका निघाला तर मग डेव्हलपर बघा, जुना झालाय का, गार पडलाय का. परभणीकडं डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली जातो अन् १२-१३ डिग्रीच्या खाली डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन जवळपास काम सोडून देतं, आणि सावल्यांना जोर त्याचाच असतो. ट्रे कोमट पाण्याच्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवा, काम भागतं.

आता कागदाचं. खरं सांगायचं तर आरसी का फायबर ह्यापेक्षा ग्लॉसी का मॅट हा फरक मोठा. मॅटचा काळा कुठल्याही कंपनीचा घ्या, ग्लॉसीच्या मागंच राहतो, कारण खडबडीत पृष्ठभागावरून उजेड सगळीकडं विखुरतो अन् थोडा डोळ्यात येतोच. मॅट प्रिंट ओली असताना झकास दिसते, वाळली की उतरते. त्यामुळं वेरूळच्या काळ्या दगडातल्या सावल्या छापायच्या असतील तर मॅटचं नाव काढू नका.

ग्लॉसी आरसी अन् ग्लॉसी फायबर काळेपणा मोजायच्या मीटरवर मोजले तर काळ्यात नाव घेण्यासारखा फरक नसतो. हातात घेतल्यावर असतो, फायबर हवेवर वाळवला की त्याची चमक मंद राहते, खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही, म्हणून सावली खोल वाटते. अन् सेलेनियम टोनरमध्ये (छापलेला काळा अजून गडद करणारं केमिकल) फायबरचा काळा जेवढा खाली जातो तेवढा आरसीचा जात नाही. मला विचाराल तर फायबरला जादा पैसे मोजायचं खरं कारण हेच, टोनिंग करणारच नसाल तर मग कशाला. फक्त टोनरच्या आधी हायपो नीट झालेला अन् प्रिंट नीट धुतलेली पाहिजे, नाहीतर पिवळे डाग पडतात. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, अन् उरलेला टोनर शोषखड्ड्यात ओतू नका, शेजारीच बोर असतो आपल्याकडं.

पण पाणी? आरसी हायपोत अर्धा मिनिट अन् वाहत्या पाण्यात २ मिनिटं, संपलं. कागदावर प्लास्टिकचा थर असल्यानं केमिकल आत मुरत नाही. फायबर मात्र केमिकल पितो, साध्या रीतीनं धुवायचा तर तासभर नळ सोडावा लागतो. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथं तासभर नळ सोडून प्रिंट धुवायची म्हणजे घरात भांडण. त्यावर उपाय आहे, ताज्या १+४ (एक भाग केमिकल, चार भाग पाणी) रॅपिड फिक्सरमध्ये फक्त १ मिनिट, मग ५ मिनिटं धुणं, १० मिनिटं वॉशएड (हायपो लवकर धुऊन निघावा म्हणून वापरायचं केमिकल), परत ५ मिनिटं धुणं. तरीपण आरसीपेक्षा पाणी कितीतरी जास्त, अन् प्रिंट वाळताना पापडासारखी वळते ते वेगळंच, रात्रभर वाळवून जड पुस्तकांखाली दाबावी लागते.

उन्हाळ्यात गणित थोडं उलटं होतं. आरसी १+९ डेव्हलपरमध्ये २० डिग्रीला १ मिनिटात तयार होतो, टाकीतल्या गरम पाण्यात मिसळलं तर त्याच्या कितीतरी आधीच, अन् एवढ्या कमी वेळात प्रिंट सगळीकडं सारखी उतरवणं अवघड. फायबरला २ मिनिटं लागतात म्हणून हातात जरा वेळ असतो. आरसीच वापरायचा तर रांजणातलं पाणी घ्या अन् डेव्हलपर १+१४ करा. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर एन्लार्जरला (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) स्टॅबिलायझर लावा, नाहीतर सकाळचा ठरवलेला टाइम संध्याकाळी चुकतो अन् बोलणी कागदाला बसतात.

मी असतो तर रोजच्या कामाला अन् टेस्टला आरसी ग्लॉसी घेतला असता, अन् फायबरचं एक लहान पाकीट आणून पावसाळ्यानंतर पाणी बरं असताना निवडक निगेटिव्हसाठी फोडलं असतं, सोबत टोनरची बाटली. टँकरवर दिवस काढणाऱ्यांनी तर फायबरचा विचार तोपर्यंत सोडलेलाच बरा.